किंमत सोडून सगळं

मार्च लागला की कोकणातल्या आंब्याआधी कोकणातल्या वेबसाइट पिकतात. पान उघडावं तर आधी ड्रोनमधून टिपलेली बाग, मागे सनई, मग एकेक करून उमलणारी अक्षरं : वारसा, विश्वास, उत्कृष्टता. खाली उतरलं की 'आमच्याविषयी'. तिथे पणजोबांनी लावलेलं पहिलं कलम, आजोबांचा घाम, वडिलांची सचोटी आणि चौथ्या पिढीचं एमबीए. आणखी खाली 'आमचं ध्येय', त्याच्या खाली 'आमची दृष्टी'. दोन्हींत फरक काय, हे मालकाला विचारू नये; त्याने ते वाचलेलं नसतं. ठाण्यातल्या एखाद्या काकूंना एवढंच हवं असतं, की पाच डझनांची पेटी घरपोच केवढ्याला पडेल. त्यासाठी सगळ्यात शेवटी एक हिरवं बटण असतं. त्यावर लिहिलेलं असतं, 'किंमत जाणून घेण्यासाठी संपर्क करा'.

बटण दाबलं की फॉर्म. नाव, आडनाव, मोबाइल, ईमेल, पिनकोड, आणि 'आपल्याला आमच्याबद्दल कसं कळलं?' आंब्याचा भाव विचारायला एवढं सांगायचं, तर रास आणि गोत्रच तेवढं का सोडलं? फॉर्म भरून झाला की आभार मानले जातात आणि 'आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील' असं आश्वासन मिळतं. प्रतिनिधी म्हणजे मालकाचा भाचा. तो संपर्क साधतो तोवर काकूंनी घराखालच्या गाडीवरून आंबे घेऊन, रस काढून, कोयी वाळत घातलेल्या असतात.

हे फक्त आंब्याचं नाही. फेसबुकवर पैठणीचा फोटो पडतो. खाली पहिली विचारते, 'किंमत?' उत्तर येतं, 'ताई, इनबॉक्स केलंय.' दुसरी विचारते, 'किंमत प्लीज.' 'ताई, इनबॉक्स केलंय.' अशा शे-दीडशे तायांच्या कानात एकच आकडा स्वतंत्रपणे कुजबुजून सांगितला जातो. एवढी गुप्तता पूर्वी फक्त हुंड्याच्या बैठकीत पाळत. विक्रेत्याला कारण विचारलं तर तो म्हणतो, स्पर्धकाला भाव कळेल. अहो, त्या दीडशेमधली निम्मी स्पर्धकच आहेत. दुसरं कारण असं, की आकडा बघून गिऱ्हाईक पळेल. पळू दे की. आत्ता ते दोन सेकंदांत पळालं असतं; तुम्ही त्याला वीस मिनिटं फोनवर धरून मग पळवता, आणि वीस मिनिटं तुमचीही जातात.

तर अशा वेबसाइटवर गिऱ्हाईक येत नाही, आलं तर टिकत नाही, म्हणून मालक एजन्सीकडे जातो. एजन्सी सांगते, 'सर, तुमच्याकडे कंटेंट नाही.' मालक हबकतो. बाग आहे, माल आहे, कामगार आहेत, कर्ज आहे, आणि कंटेंट तेवढा नाही! मग महिन्याला आठ लेखांचं पॅकेज ठरतं. विषय ठरलेले : 'आंबा खाण्याचे दहा फायदे', 'आंब्याचा रंजक इतिहास', 'उन्हाळा आणि आपलं आरोग्य'. पहिलं वाक्यही ठरलेलं : 'आजच्या धावपळीच्या जगात आरोग्याला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.' पूर्वी हे वाक्य शब्दामागे काही पैसे घेणारा एखादा कॉलेजचा मुलगा लिहायचा. आता यंत्र लिहितं. फरक इतकाच, की मुलाला निदान चहा पाजावा लागायचा. आंब्याची पेटी दोघांनीही उघडलेली नसते.

आणि गंमत म्हणजे हे लेख चालतात! 'आंब्याचे फायदे' हे कोण शोधतं? सहावीतला मुलगा. त्याला उद्या बाईंना निबंध दाखवायचा असतो. तो येतो, पहिले चार परिच्छेद उतरवून घेतो आणि जातो. एजन्सीच्या अहवालात आलेख वर चढलेला दिसतो. मालक खूश. गोदामात पेट्या तशाच.

आता त्याच मालकाचा फोन एप्रिलमध्ये दिवसभर ऐकावा. पेटीत किती फळं येतील? चार डझनांच्या पेटीतलं फळ मोठं की सहा डझनांच्या? कच्चं पाठवणार की तयार? आढी कशी लावायची? कर्नाटकचा माल तर नाही ना? पावडर मारलेली नाही ना? अक्षय्य तृतीयेला मिळेल, की थोडं थांबलं तर स्वस्त होईल? आणि सगळ्यात भीत भीत विचारलेला प्रश्न : साका निघाला तर?

हा माणूस या सगळ्याची उत्तरं न चिडता, न अडखळता, भाकरीचा घास तोंडात ठेवून देतो. चार डझनांची पेटी म्हणजे मोठं फळ, तेवढ्याच पेटीत सहा डझन बसले तर लहान, हे तो झोपेतही सांगेल. फळ चौदा आणे तयार झालं की उतरवायचं, ऊन चढायच्या आत उतरवायचं, सावलीतच ठेवायचं, हे त्याला बापाने शिकवलंय. त्याच्याकडे कंटेंट नाही, असं सांगणाऱ्याने त्याचा फोन एक दिवस स्वतःच्या कानाला लावावा. पण यातलं एक अक्षर वेबसाइटवर नाही. तिथे आहे 'निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या दारी'.

साक्याचंच घ्या. वरून फळ देखणं, वास घमघमीत, कापलं की आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. बाहेरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. हापूसची ही खोड इतकी जुनी आहे, की वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली, 1981 साली ती बागायतदारांना दिली, आणि तिचा मोठा गुण काय, तर तिच्यात साका होत नाही. म्हणजे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं ज्याच्यावर डोकं खपवलं, ती गोष्ट वेबसाइटवर अस्तित्वातच नाही. तिथे आहे 'शंभर टक्के समाधानाची हमी'. या हमीवर कोणाचा विश्वास बसतो? याउलट कोणी सरळ लिहिलं, की 'हापूसमध्ये साका निघू शकतो, आम्ही काळजी घेतो पण शंभर टक्के टाळता येत नाही, निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत', तर ठाण्याच्या काकू त्याच मिनिटाला पैसे पाठवतील. कारण त्यांना साका नवा नाही. नवीन आहे तो त्याचं नाव घेणारा विक्रेता.

आढीचंही तसंच. पेटी आली की फळं बाहेर काढा, भाताच्या पेंढ्यात पसरा, पेंढा नसेल तर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा, कच्चं फळ फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, रोज एकदा चाळून तयार झालेली वेगळी काढा, सालीला सुरकुती पडली म्हणून फेकू नका, ते फळ बहुधा जास्त गोड असतं. या सहा ओळी. यांनी किती तक्रारी वाचतील याचा हिशेब चौथ्या पिढीने करावा, तिचं एमबीए त्याच कामाचं आहे. 'रसायनमुक्त' या छापाऐवजी लिहावं, की आंबा पेंढ्यात पिकवलाय की इथिलीनच्या खोलीत. कार्बाइडच्या पावडरीला आपल्याकडे बंदी आहे आणि इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे, हे बहुतेक गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. त्यामुळे इथिलीन वापरणारा प्रामाणिक माणूस चोरासारखा गप्प बसतो आणि पावडरवाला 'नैसर्गिक' लिहून मोकळा होतो. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह तर सगळेच लावतात. 2018 साली हापूसला ते मिळालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हेही त्यात आहेत, आणि ते वापरायचं तर बागायतदाराला स्वतःच्या नावाने नोंदणी करावी लागते, हे लिहिणारा एखादाच. नोंदणी क्रमांक छापणारा त्याहून विरळा.

आणि खरी हिंमत कोणाची म्हणाल, तर जो लिहील, 'घरात पाहुणे जेवायला आहेत आणि नुसता रसच करायचाय? मग हापूस कशाला, पायरी घ्या, स्वस्तही पडेल आणि रसही छान होईल.' एवढं वाचल्यावर त्याच्या हापूसवर संशय घेणारा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही.

हे मी आंब्याच्या मोहात सांगत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात मार्कस शेरिडन नावाचा माणूस फायबरग्लासचे पोहण्याचे तलाव बसवायचा. 2008 च्या मंदीत लोकांनी ऑर्डरी रद्द केल्या आणि कंपनी बुडायच्या बेताला आली. जाहिरातीला पैसे उरले नाहीत, तेव्हा तो बसला आणि गिऱ्हाईक विचारतं ते प्रश्न एकेक करून लिहून काढू लागला. पहिला अर्थातच : तलाव केवढ्याला पडतो? त्याने एकच आकडा दिला नाही, देणं शक्यही नव्हतं. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि कशाने वाढतं, एवढंच सांगितलं. बाकी सगळे 'संपर्क करा' म्हणत असल्यामुळे हा प्रश्न शोधणारा प्रत्येक जण याच्या दारात येऊन उभा राहिला. त्या एका लेखातून 20 लाख डॉलरहून जास्त विक्री झाली, असा त्याचा स्वतःचा हिशेब आहे. पुढे त्याने फायबरग्लासच्या तलावात काय काय खोट असते, हेही लिहिलं. एवढ्यावर थांबला नाही. रिचमंड शहरातले चांगले तलाववाले कोण, याची यादी दिली आणि त्यात स्वतःचं नाव घातलं नाही. आपल्याकडे असं कोणी केलं तर घरचे आधी त्याला देवऋष्याकडे नेतील.

अर्थात मराठी माणसाला हे शिकायला व्हर्जिनियापर्यंत जायची गरज नव्हती. किर्लोस्करवाडीपर्यंत गेलं तरी पुरे होतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष चढतं, ही ठाम समजूत. नांगर पडून राहिले. आजची एजन्सी असती तर तिने लिहिलं असतं, 'नांगरणीच्या विश्वातलं नवं पर्व'. किर्लोस्करांना दिसलं, की नांगर विकण्याआधी डोक्यातलं विष उतरवावं लागणार. पुढे जानेवारी 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. नांगर ओतणाऱ्या कारखान्याचं मुखपत्र म्हणून सुरू झालेलं हे मासिक. त्यात स्वतःच्या मालाचं कौतुक नसेलच असं नाही. पण उद्योग, विज्ञान, समाजसुधारणा, अंधश्रद्धेवर घाव हे सगळं हळूहळू इतकं वाढत गेलं, की पुढे नुसतं 'किर्लोस्कर' या नावाने ते घरोघर वाचलं जाऊ लागलं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर त्यात विज्ञाननिष्ठेवर लिहायचे. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'.

जरा थांबून डोळ्यांसमोर आणा. नांगर, रहाट आणि कडबा कापायची यंत्रं करणाऱ्या घराण्याने बायकांचं मासिक काढलं. आजच्या कोणत्याही मार्केटिंगच्या बैठकीत हा प्रस्ताव ठेवून बघा. पहिला प्रश्न येईल, 'बायका नांगर विकत घेतात का?' दुसरा, 'यातून लीड किती येतील?' तिसरा प्रश्न यायच्या आत चहा येईल आणि विषय संपेल. किर्लोस्करांच्या मासिकांनी काही पिढ्या घडवल्या, हे आता सगळे सांगतात. ती मासिकं वाचणाऱ्या घरात उद्या पाण्याचा पंप घ्यायची वेळ आली तर कोणतं नाव आधी तोंडात येत असेल, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण ते आलेखात धरता येत नाही.

आता एजन्सीचा हुकमाचा पत्ता : 'सर, हे सगळं ठीक आहे, पण गुगलला काय आवडतं?' म्हणून पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'पुण्यातील सर्वोत्तम हापूस, हापूस पुणे, पुण्यात हापूस, कोथरूड हापूस, हापूस कोथरूड' अशी आरती सुरू होते. तीच पानाच्या पोटातही, कोडमध्ये लपवतात; असे लपवलेले कीवर्ड आपण विचारातच घेत नाही, असं गुगलने सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर केलं होतं. एजन्सीपर्यंत ते अजून पोचायचंय. 2011 च्या फेब्रुवारीत गुगलने ढिगाने छापलेल्या पोकळ लेखांवर पहिला मोठा बडगा उगारला. मार्च 2024 मध्ये पुन्हा सांगितलं, की क्रमवारी चढण्यासाठी घाऊक लिहिलेला निरुपयोगी मजकूर आम्ही खाली ढकलू, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. म्हणजे गुगलला काय आवडतं हे गुगलच घसा कोरडा करून सांगतंय. पण आपल्याकडे देवापेक्षा गुरवाचं जास्त ऐकतात.

फुशारकीचा खर्चही मोजून झालाय. जॉन मॉर्क्स आणि जेकब नील्सन या दोघांनी 1997 मध्ये नेब्रास्का राज्यातल्या प्रेक्षणीय स्थळांची एकच वेबसाइट पाच तऱ्हांनी लिहून लोकांसमोर ठेवली. एक नेहमीच्या जाहिरातीच्या थाटात. एकीतला मजकूर निम्मा केलेला. एकीची मांडणी चाळायला सोपी केलेली. एकीत फक्त बढाया काढून टाकलेल्या. पाचवीत हे तिन्ही. नुसत्या बढाया काढल्या तर वेबसाइट 27 टक्के जास्त वापरण्याजोगी ठरली. मजकूर निम्मा केल्यावर 58 टक्के. तिन्ही केल्यावर 124 टक्के. वाचणाऱ्याला बढाईतून खरी माहिती वेगळी निवडत बसावं लागतं आणि त्यात त्याचं डोकं दमतं, असा त्यांचा कयास. त्याच सुमारास त्यांना असंही दिसलं, की नवं पान आल्यावर 79 टक्के लोक ते नुसतं चाळतात. शब्द न् शब्द वाचणारे 16 टक्के. हे सगळं त्या जुन्या, हळू चालणाऱ्या इंटरनेटवरचं, हातात मोबाइल येण्याआधीचं. आता तर अंगठा पणजोबांच्या कलमापर्यंतही थांबत नाही.

बिल्डरांच्या वेबसाइटबद्दल लिहायला वेगळं सदर लागेल. 1 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या गृहप्रकल्प नियामकाने, म्हणजे महारेराने, जाहिरातीत क्यूआर कोड छापायला लावला, त्यामुळे निदान खरी कागदपत्रं कुठे बघायची ते कळतं. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' ही मिनिटं कोणत्या वाहनाची आणि पहाटे किती वाजताची, ते महारेरालाही सापडलेलं नाही.

'पण किंमत लिहायची तर आमचा भाव रोज बदलतो हो,' असं हापूसवाला म्हणेल. बरोबर आहे. वाशीच्या बाजारात आवक वाढली की दर उतरतो, पाऊस पडला की सगळंच कोसळतं. मग आजचा भाव लिहा आणि शेजारी आजची तारीख लिहा. उद्या बदला. ज्याला रोज सकाळी 'शुभ सकाळ'चं सूर्यफूल शंभर ग्रुपवर टाकायला वेळ मिळतो, त्याला एक आकडा बदलायला अडचण पडू नये. भाव उतरण्याची शक्यता असेल तर तेही लिहा : 'घाई नसेल तर मेपर्यंत थांबा.' थांबणारं गिऱ्हाईक मेमध्ये तुमच्याकडेच येईल, कारण थांबा म्हणणारे तुम्ही एकटेच होता.

त्याऐवजी काय असतं? 'घाई करा! फक्त 3 पेट्या शिल्लक!' ऑगस्टमध्ये धो धो पाऊस पडत असताना पान उघडलं तरी तीनच शिल्लक. झाडावर एक फळ नसताना तीन पेट्या राखून ठेवायच्या, म्हणजे ही मोठीच कामगिरी झाली. बंद करून निघावं तर मधोमध एक चौकट उघडते आणि त्यात दोन बटणं : 'हो, मला अस्सल हापूस हवा' आणि 'नको, मला भेसळ चालते'. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अशा 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. खोटी घाई तीत आहे आणि गिऱ्हाइकाला लाजवून होकार घेणंही आहे. एजन्सीला हे दाखवलं तर ती म्हणते, 'सर, पण या चौकटीमुळे लोक पानावर जास्त वेळ थांबतात.' थांबतात, हे खरंय. बंद करायची फुली सापडेपर्यंत थांबावंच लागतं.